जुन्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे काय करावे? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदलताना, वडीलधाऱ्यांचे कपाट आवरताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या अंकांचे गठ्ठे खाली आले की वाचक आम्हाला लिहितात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अंक रद्दीत देण्यापूर्वी निदान काय पाहावे?

तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे साल. अंक १९६० च्या आधीचा असेल, तर तो कोणत्याही अवस्थेत असला तरी बाजूला काढावा. दुसरी म्हणजे सलगता. एकाच मासिकाचे बारा महिन्यांचे अंक एकत्र असतील, तर त्यांची ताटातूट करू नये. तिसरी म्हणजे अंकात ठेवलेल्या वस्तू. प्रत्येक अंक उलटा धरून हलकेच झटकावा आणि पाने अंगठ्याखालून सोडावीत. छायाचित्रे, आंतरदेशीय पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, क्वचित नोटाही अशा वेळी खाली पडतात. दुसऱ्या कोणाचे पत्र निघाले तर काय करावे, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

२. पुस्तके जपणे समजते, पण मासिकासाठी एवढा खटाटोप कशाला?

पुस्तकाची आवृत्ती संपली तर नवी निघू शकते, पण मासिकाचा अंक एकदाच छापला जातो. कथा पुढे संग्रहात येते. तिच्याबरोबरची चित्रे, संपादकीय, वाचकांचा पत्रव्यवहार, पुस्तक परीक्षणे आणि जाहिराती मात्र त्या अंकातच राहतात. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तोच मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. तेव्हापासून आजपर्यंतच्या मराठी लेखनाचा मोठा भाग आधी अंकांत आणि मग, जमल्यास, पुस्तकांत आला. जे पुस्तकात आले नाही, ते शोधायला आजही अंकाशिवाय दुसरी जागा नाही.

मोठ्या ग्रंथालयांत सगळे असेलच, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रकाशकाने प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी, असा कायदा १९५४ चा आहे आणि नियतकालिके त्याच्या कक्षेत १९५६ मध्ये आली. त्यापूर्वीचे अंक या वाटेने जमा झालेले नाहीत, आणि नंतरचेही सर्व अंक तेथे सापडतातच असे नाही. एखाद्या तालुक्याच्या गावातून चार वर्षे निघून बंद पडलेल्या मासिकाची शेवटची प्रत तुमच्या माळ्यावर असणे अगदी शक्य आहे.

३. कोणते अंक मोलाचे समजावेत? नावांची यादी मिळेल का?

संपूर्ण यादी देणे शक्य नाही, पण काही नावे पाहून हात थांबावा. एकोणिसाव्या शतकातील ‘विविधज्ञानविस्तार’, ‘निबंधमाला’, ‘बालबोध’, ‘केरळकोकिळ’ आणि ‘करमणूक’ यांचा कोणताही अंक जपावाच. विसाव्या शतकातील ‘मनोरंजन’, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’, ‘सत्यकथा’ आणि ‘हंस’ यांना अभ्यासक नेहमी विचारतात. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले, त्यामुळे त्याचे उरलेसुरले अंक दरवर्षी कमीच होत जाणार. ‘दीपावली’च्या अंकांवरील दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे आणि ‘ललित’वरील वसंत सरवटे यांची चित्रे हा चित्रकलेच्या अभ्यासकांचाही विषय आहे.

आमच्या मते मात्र अधिक धोका प्रसिद्ध नावांना नसून अनामिक अंकांना आहे. ‘सत्यकथा’ पाहिले की कोणीतरी थांबते. जातिसंस्थांची मुखपत्रे, गिरणी कामगारांची पत्रके, शाळा-महाविद्यालयांची वार्षिके, शेतकी मासिके आणि नाट्यसंस्थांच्या स्मरणिका मात्र विचार न करता रद्दीत जातात. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला नेमके हेच सारे लागते.

४. अंक कोणाला हवे आहेत का, हे विचारताना काय कळवावे?

‘खूप जुनी मासिके आहेत, हवी आहेत का?’ या निरोपाला उत्तर येत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक अंकासाठी एक ओळ लिहावी. मासिकाचे नाव, महिना व साल, वर्ष क्रमांक व अंक क्रमांक, मुखपृष्ठ आहे की नाही, पाने पुरी आहेत की नाहीत आणि अंकाची अवस्था एवढे त्या ओळीत असावे. उदाहरणार्थ: ‘स्त्री, मार्च १९५८, मुखपृष्ठ आहे, शेवटची चार पाने नाहीत, पिना गंजलेल्या, कसर नाही.’ मोबाइलवर गठ्ठ्याचे एक छायाचित्र काढण्यापेक्षा अशा वीस ओळी अधिक कामाच्या असतात.

५. गेल्या चार-पाच वर्षांचे दिवाळी अंक आहेत. ते कोण घेईल?

हे अंक दुर्मिळ नाहीत. त्यांना वाचक हवा आहे, आणि तो ग्रंथालयाबाहेर शोधावा. वृद्धाश्रम, रुग्णालयांतील नातेवाइकांच्या बसण्याच्या जागा, विद्यार्थी वसतिगृहे, एसटी आगारांतील चालक-वाहकांच्या विश्रांतिगृहांसारख्या जागा आणि केशकर्तनालये येथे हे अंक खरोखर वाचले जातात. कारागृहातही वाचनाची सोय असते, पण तेथे अधीक्षकांची परवानगी आधी घ्यावी लागते आणि अंक तपासूनच आत जातात.

वृद्धाश्रमासाठी अंक निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अडीचशे पानांचा जाड अंक अंथरुणावर पडून वाचणाऱ्याच्या मनगटाला झेपत नाही. पातळ, ठळक अक्षरांचे आणि सपाट उघडणारे अंक वेगळे काढून द्यावेत. भविष्यविषयक अंक साल उलटल्यावर निरुपयोगी होतात, तर पाककृतींचे अंक कितीही जुने असले तरी हातोहात जातात.

६. आमच्या गावच्या वाचनालयाने अंक घ्यायला नकार दिला. असे का?

त्यात अनास्था असतेच असे नाही. बहुतेक वाचनालयांनी तेच दिवाळी अंक स्वतः विकत घेतलेले असतात आणि दिवाळीनंतरच्या चार-पाच महिन्यांत सभासदांची मागणी संपल्यावर त्यांनाही जागेचा प्रश्न पडतो. शिवाय आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करणे, ती लावणे आणि सांभाळणे हे काम एकाच कर्मचाऱ्याकडे असते. म्हणून पोते नेऊन ठेवू नये. यादी द्यावी (प्रश्न ४) आणि त्यांनी मागितलेलेच अंक न्यावेत. वाचनालयाच्या संचात पडलेली खिंडारे भरणारे दोन अंकही त्यांना दोनशे अंकांच्या गठ्ठ्याहून अधिक हवे असतात.

७. वडिलांनी १९५० ते १९७५ या काळातील मासिके बांधून घेतली होती. हे खंड कोठे द्यावेत?

प्रथम घरातल्यांना विचारावे. घाईत दान केलेला संग्रह वर्षभराने नातवाला हवा झाल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

घरात कोणी ठेवणारे नसेल, तर जुन्या संदर्भ ग्रंथालयांशी पत्राने संपर्क साधावा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आणि पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून चालू आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, पुण्याचे नगर वाचन मंदिर आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर या संस्था तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उभ्या आहेत. विद्यापीठांचे मराठी विभाग हा आणखी एक मार्ग आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मराठी संस्थांना आधी विचारावे. त्या भागातील मराठी माणसांनी काढलेली नियतकालिके तेथेच राहिली, तर शोधणाऱ्याला ती लवकर सापडतात.

देण्यापूर्वी तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. संग्रह एकत्र राहील का? संस्थेकडे आधीच असलेल्या खंडांच्या जादा प्रतींचे ती काय करणार? आणि बाहेरच्या अभ्यासकाला हे खंड पाहता येतील का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. कुलूपबंद कपाटात गेलेला खंड वाचकाच्या दृष्टीने हरवल्यासारखाच असतो. दान स्वीकारल्याची लेखी पोच घ्यावी आणि तिला आपली यादी जोडावी.

८. माझ्याकडे सुटे, मधलेच अंक आहेत. संच अपुरा असेल तर उपयोग काय?

उपयोग आहे, आणि त्याचे कारण बांधणीत दडले आहे. वर्षाचे अंक एकत्र बांधताना बाइंडर पुष्कळदा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकत असे, वर कडा कापताना पानाच्या टोकाची तारीखही जात असे. त्यामुळे ग्रंथालयांतील अनेक खंडांत मजकूर आहे, पण मुखपृष्ठे नाहीत. तुमचा सुटा अंक मुखपृष्ठासह असेल, तर तो त्या खंडाला पूर्ण करतो. याच कारणाने, तुम्ही स्वतः अंक बांधून घेणार असाल तर मुखपृष्ठे आत ठेवण्यास आणि कडा न कापण्यास बाइंडरला आधीच बजावावे.

९. अंकांना कसर, वाळवी किंवा बुरशी लागली आहे. असे अंक देता येतील का?

तपासून आणि साफ करूनच द्यावेत, कारण एका अंकातील किडा पूर्ण कपाट खातो. वाळवी दिसली तर तो गठ्ठा लगेच इतरांपासून दूर, भिंतीला न टेकवता ठेवावा. बुरशीचे अंक तोंडाला मुखपट्टी बांधून, घराबाहेर, सावलीत आणि वाऱ्यावर कोरडे करावेत व नंतर मऊ ब्रशने झाडावेत. ओले फडके लावू नये आणि कडक उन्हात टाकू नये, कारण आधीच पिवळा पडलेला स्वस्त कागद उन्हाने ठिसूळ होतो. कसरीसाठी कोरडे अंक हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये किमान दोन आठवडे ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदात वर्षानुवर्षे राहतो आणि वाचणाऱ्याला त्रास देतो, म्हणून आम्ही त्या वापरत नाही.

गंजलेल्या पिना ओढून काढू नयेत. अंक पालथा घालावा, पिनेचे दोन्ही पाय बोथट सुरीने उचलून सरळ करावेत आणि मगच पुढच्या बाजूने पीन उचलावी. त्याच भोकांतून सुती दोरा ओवला की अंक पुन्हा एकसंध होतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि अक्षरांवर उतरतो.

१०. चित्रे आणि मुखपृष्ठे कापून चौकटीत लावली तर चालेल का?

अलीकडच्या, सहज मिळणाऱ्या अंकांबाबत हरकत नाही. प्रश्न १ आणि ३ मध्ये सांगितलेल्या अंकांना मात्र कात्री लावू नये. चित्र आवडले असेल, तर त्याची चांगली रंगीत प्रत काढून ती चौकटीत लावावी. तिला उजेडाने धक्का लागला तरी मूळ चित्र सुरक्षित राहते.

एका घरातून आमच्याकडे आलेल्या अंकात मसाल्याच्या पाककृतीची चौकट नीट कापून घेतलेली होती. घरच्या आजीबाईंनी ती वहीत चिकटवली होती आणि वहीही घरात जपलेली होती. पानाच्या मागच्या बाजूला एका कथेचा शेवट होता. त्या अंकाची दुसरी प्रत आम्हाला अजून मिळालेली नाही. शेवटी वहीतले कात्रण वाफेवर सोडवून त्याच्या पाठीवरील अकरा ओळी उतरवून घेतल्या आणि कात्रण पुन्हा वहीत चिकटवले.

११. अंक स्कॅन करून पीडीएफ सर्वांना वाटली तर?

स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत काढणे आणि ती सर्वांना वाटणे यांत कायद्याने फरक आहे. भारतीय कायद्यानुसार लेखनावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. चित्रकाराच्या चित्रांनाही हाच नियम लागू आहे. मासिकात अनेकांचे लेखन असल्यामुळे एकाच अंकातील एक कथा मुक्त आणि शेजारची कविता संरक्षित असू शकते. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांची चित्रे २०३१ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत, मग अंक कितीही जुना असो. निनावी लेखन आणि छायाचित्रे यांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात.

मासिक बंद पडले म्हणून हक्क संपत नाहीत. ते प्रकाशकाचे वारस किंवा लेखकांचे कुटुंबीय यांच्याकडे असतात. शोध घेऊन पत्र लिहिल्यावर आनंदाने परवानगी देणारे वारस आम्हाला भेटले आहेत. स्कॅन करण्याआधी तो अंक अधिकृतपणे उपलब्ध आहे का, हेही पाहावे. बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, तेव्हा ते श्रम वाचतात.

१२. परवानगी मिळाली आहे. आता स्कॅन कसे करावे?

मजकुरासाठी ३०० डीपीआय (एका इंचातील ठिपक्यांची संख्या) पुरेसे आहे आणि चित्रांसाठी ६०० ठेवावे. पान पिवळे असले तरी रंगीत स्कॅन करावे, कारण काळ्या-पांढऱ्यात पाठीमागची शाई उठून अक्षरे पुसट होतात. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, जाहिरातींसह, एकही पान गाळू नये. बांधलेला खंड यंत्रावर दाबू नये. तो अर्धवट उघडा ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपावा.

‘आवाज’च्या अंकांना वेगळा नियम आहे. त्यांतील खिडकी-चित्रांचे पान कापलेले असते, खिडकी मिटलेली असताना एक चित्र दिसते आणि उघडल्यावर दुसरे. अशा पानाचे मिटून व उघडून असे दोन स्कॅन घ्यावेत, नाही तर चित्रातील गंमतच नाहीशी होते.

१३. दृष्टिहीन मुलांच्या शाळांना जुनी मासिके लागतात असे ऐकले. हे खरे आहे का?

अंशतः खरे आहे. ब्रेल पाटीवर सराव करताना कागदावर टोचून ठिपके उठवायचे असतात आणि त्यासाठी जाड कागद लागतो. मासिकांची आतली पाने टोचताच फाटतात. जाड मुखपृष्ठे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकांची जाड पाने सरावासाठी चालतात. शाळेला दूरध्वनी करून गरज असल्याची खात्री केल्यावरच पाठवावे.

त्याहून मोठे काम म्हणजे अंकांतील लेखनाचे ध्वनिमुद्रण. दिव्यांग व्यक्तींना वाचता-ऐकता येईल अशी प्रत ना-नफा तत्त्वावर करण्यास स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. त्यामुळे प्रश्न ११ मधील अडचण येथे येत नाही. मात्र ही प्रत दिव्यांग वाचकांपुरतीच ठेवावी लागते.

१४. टपालाने पाठवायचे तर स्वस्त मार्ग कोणता? आणि काहीच जमले नाही तर रद्दी?

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे दर ठरले. पण ती शैक्षणिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी आहे आणि जाहिराती असलेली प्रकाशने तीत बसत नाहीत, त्यामुळे बहुतेक मासिके बाद होतात. अंक साध्या पार्सलने, एसटीच्या पार्सल सेवेने किंवा जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवावेत. दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून बांधावे. सुतळी थेट अंकावर आवळली की कडा कापल्या जातात.

रद्दीत देण्यात गैर काही नाही, ती शेवटची पायरी असावी एवढेच. चकचकीत कागदावर खनिजाचा थर असतो आणि त्यातून लगदा कमी निघतो, म्हणून रद्दीवाला त्याला वर्तमानपत्रापेक्षा कमी भाव देतो. प्लॅस्टिकचे वेष्टन आणि चिकटवलेली नमुन्याची पाकिटे काढून द्यावीत. खाद्यपदार्थ बांधण्यासाठी मात्र ही पाने कोणाला देऊ नयेत. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई केली आहे, आणि रंगीत मासिकाच्या पानावर तर शाई आणखी जास्त असते. त्याच कारणाने छापील कागदाच्या लगद्याची मूर्ती करून ती नदीत विसर्जित करू नये. पाकिटे, कप्प्यांतले अस्तर, शाळेतील चिकटकाम यांसाठी अलीकडचे अंक खुशाल वापरावेत.

१५. अंकात दुसऱ्याचे पत्र सापडले, किंवा जुन्या अंकात लोकांचे पत्ते छापलेले आहेत. त्याचे काय करावे?

छापलेल्या पत्त्यांचा प्रश्न पत्रमैत्रीच्या सदरांत आणि वधू-वरांच्या जाहिरातींत येतो. अंक ग्रंथालयाला देताना ही पाने काढू नयेत. पण परवानगीने स्कॅन महाजालावर ठेवत असाल, तर गेल्या साठ-सत्तर वर्षांतील अशा पानांवरील घरचे पत्ते झाकावेत. ती माणसे किंवा त्यांची मुले आजही तेथे राहत असू शकतात. वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी अंकाच्या वेष्टनावर असेल, तर ती मात्र काढून टाकावी.

खाजगी पत्राचा मालक शोधता येत असेल तर ते परत करावे आणि तोवर वाचत बसू नये. विकत घेतलेल्या एका गठ्ठ्यात आम्हाला आंतरदेशीय पत्र मिळाले. पाठवणाऱ्याचे गाव आणि आडनाव एवढेच वाचता येत होते. त्या गावच्या ग्रामपंचायतीत विचारणा केल्यावर तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा दूरध्वनी आला. पत्र तिला पाठवले. ज्या अंकात ते होते, तो अंकही तिने मागून घेतला.